गुंतवळाच्या सहा पिशव्या आणि नवरात्रातला ताप

त्वचारोगाच्या दवाखान्यात लोक काय काय घेऊन येतात. कोणी चावलेला किडा काडेपेटीत घालून आणतं, कोणी अंगाला चोळलेल्या पाल्याची सुकलेली पानं. केस मात्र नेहमी पिशवीतून येतात. जानेवारी २०२५च्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्याच्या माझ्या दवाखान्यात टेबलावर अशा सहा पिशव्या ओळीने मांडल्या गेल्या. प्रत्येकीवर स्केचपेनने तारीख. दोन पिशव्यांवर तारखेखाली ‘न्हाण’ असंही लिहिलेलं. अक्षर सुवाच्य, वळणदार. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात हे त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं.

वय एकतीस, सोबत सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.) तक्रार अशी की तीन आठवड्यांपासून केस गळून राहिलेत. उशीवर, न्हाणीच्या जाळीवर, कणकेत, तपासायला घेतलेल्या वह्यांत. वर्गातल्या पोरींनी ‘मॅडम, पाठीवर केस’ म्हणून उचलून दिले, तेव्हा त्यांना रडूच आलं. शेपट्याला आधी रबराचे दोन वेढे पुरायचे, आता चार बसतात. केसांची दाटी मोजायचं बायकांचं हे माप मला फार विश्वासार्ह वाटतं. भांग किती रुंदावला हे आरशात पाहून सांगताना माणूस भीतीपोटी वाढवून सांगतो. रबराचे वेढे तसे वाढवता येत नाहीत.

सासूबाईंच्या मनात वेगळीच भीती होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, हे शेगावकडलं तं नाही ना? डिसेंबरात आम्ही तिकडे लग्नाले गेलो होतो. तिथलंच पाणी पेलो.”

त्या दिवसांत हा प्रश्न मला रोज येत होता. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मूठमूठ हातात येत होते आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं होतं. विहिरींचं पाणी तपासायला गेलं होतं, दिल्लीहून पथकं येत होती. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना आपण ओळखतो त्यांनीच, रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण जानेवारीत ते काहीच बाहेर आलेलं नव्हतं. त्यामुळे अकोल्यात कुणाच्या कंगव्यात चार केस जास्त दिसले तरी घरात पाण्याचा कॅन विकत यायला लागला होता.

मी सासूबाईंना एवढंच विचारलं, “काकू, तुमचे केस गळतात का? यांच्या नवऱ्याचे? पोराचे?” नाही म्हणाल्या. लग्नातलं पाणी सगळ्यांनी प्यायलेलं. मग मी सुनेला विचारलं, “नवरात्रात काय झालं होतं?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “नवरात्रात काही विशेष...” आणि थांबल्या. “नवरात्रात तर मी ॲडमिट होते.”

डेंग्यू. सहा दिवस ताप, एकशेतीन-एकशेचारपर्यंत. रक्तातली एनएस-वन चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स बेचाळीस हजारांवर आलेल्या, चार दिवस सलाईन. पंधरा दिवस पोटात काही नाही, फक्त किवी आणि लोकांनी सुचवलेला पपईच्या पानांचा रस. वजन पाच किलोंनी उतरलं. हे सगळं त्यांनी मला आधी का सांगितलं नाही? कारण ते बरं झालं होतं. दिवाळीला त्या ठणठणीत होत्या, फराळ स्वतः केला होता. केस गळायला लागले ते डिसेंबर संपताना, म्हणून त्या डिसेंबरमध्ये कारण शोधत होत्या. नवा शाम्पू, बोअरचं पाणी, थंडी, लग्नातली जागरणं. तीन आठवड्यांत तीन शाम्पू बदलून झाले होते, कांद्याचा रस लावून झाला होता आणि घरात वास राहतो म्हणून बंदही झाला होता.

या प्रकरणातली गोम इथेच आहे. केस आज गळला म्हणून कारण आजचं, असं इथे चालत नाही.

विश्रांतीला बसलेला केस

डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस त्वचेतल्या एका छोट्या पिशवीतून उगवतो, तिला रोमकूप म्हणतात. प्रत्येक कूप आपापल्या वेळापत्रकाने चालतो. वाढीची अवस्था, म्हणजे अ‍ॅनाजेन, दोन ते सहा वर्षं चालते. मग दोन-तीन आठवड्यांची कॅटाजेन, तीत कूपाचा खालचा भाग आक्रसून वर सरकतो. आणि मग टेलोजेन, विश्रांतीची अवस्था, साधारण तीन महिन्यांची. टेलोजेनमधला केस वाढत नाही, पण लगेच पडतही नाही. तळाशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा गोळा होऊन तो कूपात नुसता अडकून बसतो. कूप पुन्हा कामाला लागला, खालून नवा केस यायला लागला, की जुना सुटतो. ही नावं एफ. डब्ल्यू. ड्राय यांनी १९२६ साली उंदराच्या केसांचा अभ्यास करताना दिली. उंदराच्या अंगावर मात्र हे लाटेसारखं चालतं, एका पट्ट्यातले सगळे केस एकदम विश्रांतीला जातात. आपल्या डोक्यात शेजारचे दोन कूपसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत, म्हणून आपल्याला माणसाचं कात टाकणं दिसत नाही.

बाई शिक्षिका, म्हणून मी त्यांना शाळेच्या भाषेत सांगितलं. समजा तुमच्या शाळेत हजार मुलं आहेत. नऊशे वर्गात शिकताहेत, शंभर परीक्षा देऊन दाखल्याची वाट बघताहेत. त्यांचं शिक्षण संपलंय, पण नाव पटावर आहे. रोज काही जण दाखला घेऊन जातात, रोज तितकेच नवे प्रवेश होतात. शाळा भरलेलीच दिसते. आता एक दिवस वरून आदेश येतो की संकट आहे, वर्ग बंद करा. दुसरीतला असो की आठवीतला, दीडशे मुलांना एकदम दाखल्याच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी फाटकातून कोणीच बाहेर पडत नाही. रांग तीन महिने पुढे सरकते, आणि मग जानेवारीत फाटकाबाहेर झुंबड उडते. बघणाऱ्याला वाटतं, शाळा आत्ताच बुडाली. प्रत्यक्षात त्या वेळी पहिलीचे प्रवेश जोरात चालू असतात.

“म्हणजे आदेश डेंग्यूने दिला,” त्या म्हणाल्या.

हो. मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, झटक्यात वजन उतरवणारं डाएट, काही औषधं. अशा वेळी शरीर खर्च आवरतं, आणि केस वाढवणं हा मोठा खर्च आहे. वाढत्या केसाच्या तळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना थांबवणं म्हणजे कूपाने माघार घेणं. हा रोग मानायचा की सोय, यावर मी स्वतः सोयीच्या बाजूने आहे. कूप मरत नाही, दार लावून बसतो.

शेगावच्या बाबतीत याच कारणाने मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की गोष्ट वेगळी आहे. तिथे केस तीन-चार दिवसांत जात होते. टेलोजेनची रांग इतक्या लवकर सरकूच शकत नाही. इतक्या झपाट्याने केस जायचे तर वाढत्या केसावरच थेट घाव पडावा लागतो, कॅन्सरच्या केमोथेरपीत पडतो तसा. तिथे केस विश्रांतीला जात नाही, कामावर असतानाच तुटतो. सेलेनियमची विषबाधा त्या चित्रात बसते, डेंग्यू बसत नाही. सासूबाईंना मी हे ‘तिकडे विळ्याने कापलं, इथे पिकून गळलं’ अशा शब्दांत सांगितलं आणि त्यांना ते माझ्या शाळेच्या उदाहरणापेक्षा लवकर पटलं.

पिशवीत काय होतं

तपासणीत डोक्याची त्वचा स्वच्छ. कोंडा नाही, खपल्या नाहीत, चाईसारखे गोल डाग नाहीत. तीन ठिकाणी साठेक केसांची बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढली, तेव्हा एका ठिकाणी सात, दुसरीकडे नऊ, तिसरीकडे सहा केस हातात आले. एरवी एखाद-दुसरा येतो. आलेला प्रत्येक केस मी काचेच्या पट्टीवर ठेवून पाहिला. सगळ्यांच्या टोकाला तोच पांढरा गोळा.

या गोळ्यापायीच बाई घाबरल्या होत्या. “मुळासकट येतात हो,” त्या म्हणत होत्या. हे मी आठवड्यात दहा जणींकडून ऐकते. तो गोळा मूळ नसतो. मूळ, म्हणजे कूपाच्या तळाचा जिवंत भाग, कातडीतच राहतं. वाढता केस ओढून काढला तर तळ काळपट, लिबलिबीत, पारदर्शक आवरणात गुंडाळलेला निघतो, आणि दुखतं. पांढरा, कोरडा गोळा म्हणजे केसाने काम संपवून तीन महिने झाले याचा पुरावा. पांढरा गोळा दिसला की मला उलट हायसं वाटतं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी आणि कंपाउंडरने पिशव्या मोजल्या. हे काम मी फार वेळा करत नाही, पण इतक्या नीट तारखा घालून आणलेल्या पिशव्या न मोजता परत देणं मला बरं वाटेना. सहा दिवसांचे मिळून १,३७० केस. न्हाणाच्या दोन दिवसांचे जास्त, ३८६ आणि ३४८, कारण मधल्या दिवसांत सुटलेले केस वेणीत अडकून राहतात आणि पाणी पडलं की एकदम निघतात. (त्या भीतीने बाई आठवड्यातून एकदाच न्हायचा विचार करत होत्या. न न्हाल्याने केस वाचत नाहीत, साचतात.) सरासरी रोज २२८.

आता साधा हिशेब. एक लाख केसांपैकी दहा टक्के, म्हणजे दहा हजार, नेहमीच विश्रांतीत असतात. शंभर दिवसांत ते दहा हजार पडणार, म्हणजे रोज शंभर. ‘रोज पन्नास ते शंभर केस गेले तर काळजी नको’ हे जे सगळीकडे सांगितलं जातं, त्याच्या मागे एवढंच गणित आहे. त्याच गणिताने उलट गेलो तर रोज २२८ म्हणजे विश्रांतीच्या रांगेत साधारण तेवीस हजार केस. टेलोजेन एफ्लुव्हियम, म्हणजे विश्रांतीला गेलेल्या केसांची एकगठ्ठा गळती, म्हणायला हा आकडा पुरतो. त्यांच्या डोक्यावर अजून पाऊण लाखाहून जास्त केस कामावर होते. आणि बघणाऱ्याला विरळपणा कळायला साधारण चौथा हिस्सा तरी जावा लागतो, म्हणून घरात कोणी ‘आम्हाला तर काही दिसत नाही’ म्हणत होतं तेही खोटं नव्हतं, आणि बाईंना हाताला जाणवत होतं तेही खरं होतं.

पिशवीतला सर्वांत लांब केस मी मोजपट्टीवर ठेवला. अठ्ठावन्न सेंटिमीटर. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढ थांबली असं धरलं, तर हा केस २०१९ संपताना उगवलेला. टोकं कापत आल्या असतील तर त्याहून जुना. कोविडच्या आधीचा केस. मला असल्या गोष्टींची उगाच गंमत वाटते, त्यांना वाटली नाही.

भिंगाखाली आणखी दोन गोष्टी पाहिल्या. एक, शेजारशेजारचे केस सारख्या जाडीचे आहेत का. बायकी पद्धतीच्या आनुवंशिक विरळपणात काही केस बारीक होत जातात आणि जाड-बारीक मिसळ दिसते, तशी इथे नव्हती. पिशवीतही तीन सेंटिमीटरहून आखूड, बारीक केस जवळपास नव्हते. दुसरी गोष्ट, कपाळाच्या कडेला आणि भांगात टोकदार, ताठ, जेमतेम अर्धा सेंटिमीटरचे केस उभे होते. पहिलीचे प्रवेश.

खोटा थायरॉइड

बाईंच्या पर्समधून मग एक रिपोर्ट निघाला. दवाखान्यात यायच्या आधी त्यांनी स्वतःच एका लॅबमध्ये केसगळतीचं पॅकेज करून घेतलं होतं. हिमोग्लोबिन १०.८, फेरिटिन १४, म्हणजे लोहाचा साठा तळाला गेलेला. हे अपेक्षितच होतं. धक्का टीएसएचने, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाने दिला. ०.०८, फारच कमी. सोबत थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-फोर, वाढलेलं. कागदावर बघितलं तर थायरॉइड जोरात चाललेलं, आणि तेही केस गळण्याचं अस्सल कारण. शेजारच्या कुणीतरी गोळ्या सुरू करायचा सल्लाही देऊन टाकला होता.

पण समोर बसलेल्या बाईंची नाडी बहात्तर. हात कापत नाहीत, घाम नाही, छातीत धडधड नाही, डेंग्यूत गेलेलं वजन तीन किलो परत आलेलं. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरं, तेव्हा मी माणसाकडे बघते. “केसांसाठी कसली गोळी घेता का?” विचारलं. घेत होत्या. बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, रोज दहा मिलिग्रॅम, मेडिकलमधून स्वतःहून आणलेली.

शरीराला दिवसाला लागतं सुमारे तीस मायक्रोग्रॅम. दहा मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून जास्त. ते अपाय करत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण थायरॉइडच्या अनेक चाचण्या बायोटिनच्याच चिकटपणाचा उपयोग करून चालतात. रक्तात बायोटिनचा पूर असला की यंत्र फसतं, टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये या गोंधळाबद्दल जाहीर इशारा दिला होता. आठवडाभर बायोटिन बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.४, अगदी नॉर्मल.

केस वाचवायला घेतलेल्या गोळीने थायरॉइडचा रोग जन्माला घातला होता, आणि त्या रोगाच्या गोळ्यांनी पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते. ज्याला ती नाही त्याच्या केसांना बायोटिन मदत करतं याचा भक्कम पुरावा मला तरी आढळलेला नाही. तरी दुकानांत फळीच्या फळी त्याने भरलेल्या असतात. कारण सोपं आहे. केस गळायला लागल्यावर माणूस गोळी सुरू करतो, तीन-चार महिन्यांत गळती आपोआप थांबते, श्रेय गोळीला जातं. टेलोजेनवर जगणारा हा धंदा आहे. तेल असो, कांदा असो, गोळी असो, चौथ्या महिन्यात जे डोक्यावर असेल ते जिंकतं.

“मंग औषध काय देता?”

हे सासूबाईंचं वाक्य. आणि मी लोहाची गोळी सोडून काही देत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर फी वाया गेल्याचं स्पष्ट दिसलं.

या अवस्थेला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिलं पेनसिल्व्हेनियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी, १९६१ साली. होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी केलेल्या प्रयोगांमुळे त्यांचं नाव घेताना माझी जीभ जरा अडखळते. पण या बाबतीत त्यांचं निरीक्षण टिकलं. धक्का कोणताही असो, कूपाचं उत्तर एकच, वेळेआधी विश्रांती. आणि धक्का गेला की कूप आपोआप उठतो. विश्रांतीला गेलेला केस पुन्हा ‘वाढता’ करता येत नाही. तो पडणारच. आपण फक्त हे बघायचं की नव्या केसाला कच्चा माल कमी पडू नये. म्हणून लोह, एक दिवसाआड, चहाबरोबर नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. ताटात प्रथिनं, वरण, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. केस नेहमीसारखे धुवा. पिशव्या भरणं बंद करा. मार्चअखेर गळती ओसरेल असं सांगून मी त्यांना पाठवलं.

मला स्वतःला हे बाळंतपणानंतर भोगावं लागलं होतं, म्हणून ‘काही करू नका’ म्हणणं ऐकायला किती जड जातं ते ठाऊक आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त दिवस राहतात, दाट होतात. बाळंतपण झालं की साचलेले सगळे एकदम रांगेत जातात आणि तीन-चार महिन्यांनी पडतात. बाळ हसून ओळख दाखवायला लागलं की आईचे केस गळतात, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणायच्या. बाळाच्या हसण्याचा केसांशी काही संबंध नाही, पण तारीख मात्र त्यांची बरोबर होती. बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टक्कल पडतं, तेही बरंचसं हेच असतं. जन्माच्या सुमाराला तिथले केस एकदम विश्रांतीला जातात. आपण पाळण्याला आणि उशीला दोष देत बसतो.

फेब्रुवारीचा फटका

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाई एकट्या आल्या. डोळे सुजलेले. गळती ओसरायच्या ऐवजी दुप्पट झाली होती. पिशवी आणली नव्हती, फोनमध्ये न्हाणीच्या जाळीचा फोटो होता, तो पुरेसा होता.

दुसरा ताप? नाही. लोहाची गोळी? चालू. नवं औषध? नाही. मी पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा पांढरे गोळे. निदान चुकलं का, असा विचार माझ्याही मनात आला. शेगावचं सेलेनियम त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात झळकत होतं, म्हणून मी त्यांच्या घरात गहू कुठला येतो तेही विचारलं. रेशनचा नव्हता, गावच्या शेतातला होता.

“डोक्याला काही लावता?” हा प्रश्न मी शेवटी विचारला, आधी विचारायला हवा होता. मावसबहिणीने सांगितलेलं एक स्प्रे औषध त्या वीस दिवसांपासून लावत होत्या. ‘औषध’ म्हणजे तोंडाने घ्यायचं ते, असा त्यांचा समज, म्हणून ‘नवं औषध नाही’ हे उत्तर त्यांच्या परीने खरं होतं. बाटली पर्समध्येच होती. मिनॉक्सिडिल.

मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर ते डोक्यावर आलं. आनुवंशिक विरळपणात ते उपयोगी आहे, मीही देते. पण त्याची एक रीत अशी की ते विश्रांतीतल्या कूपाला लवकर उठवतं. कूप उठला की जुना केस ढकलला जातो. म्हणजे रांगेत बसलेल्या तेवीस हजारांपैकी जे उरले होते, त्यांना या स्प्रेने एकाच महिन्यात फाटकाबाहेर काढलं. हेडिंग्टन यांनी १९९३ मध्ये टेलोजेन गळतीचे पाच प्रकार मांडले, त्यांत धक्क्याने वाढ थांबवून होणारी गळती एक आणि विश्रांती आखडती घेतल्याने होणारी दुसरी. बाईंच्या डोक्यावर दोन्ही एकावर एक आल्या होत्या.

यात चूक माझीही होती. ‘काही करू नका’ म्हणून पाठवलेला माणूस घरी जाऊन काहीतरी करणारच, हे इतक्या वर्षांनी मला कळायला हवं होतं. काय काय करू नका आणि केलं तर काय होईल, हे नाव घेऊन सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी मिनॉक्सिडिल आणि बायोटिन ही दोन नावं कागदावर लिहून त्यांवर फुली मारते.

स्प्रे बंद करायचा की चालू ठेवायचा, हा प्रश्न होता. महिनोन्महिने लावलेलं मिनॉक्सिडिल एकदम सोडलं तर त्याच्या आधारावर टिकलेले केस नंतर जातात. इथे वीसच दिवस झाले होते आणि आनुवंशिक विरळपणाची खूण नव्हती. बंद केलं. मार्चमध्ये आणखी थोडे केस गेले, मग गळती आखडली. एप्रिलमध्ये त्यांनी फोनवर कळवलं की रबराचे वेढे चारच आहेत, पण वर्गातल्या पोरी आता पाठीवरचे केस उचलत नाहीत. जूनमध्ये फेरिटिन ४१ आलं.

गळती सहा महिन्यांच्या आत थांबली म्हणून हे ‘तीव्र’ प्रकारात मोडतं. तसं झालं नसतं तर मी पुन्हा सगळं उकरलं असतं, कारण काही मध्यमवयीन बायकांत ही गळती वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहते आणि तिची तऱ्हा निराळी असते.

ऑगस्टमध्ये त्या दोघी परत आल्या, सासूबाईंच्या पायावरचा गजकर्ण दाखवायला. सुनेचं डोकं मीच हट्टाने तपासलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना सहा-सात सेंटिमीटरचे केस, शेकड्याने, ताठ उभे. मोजपट्टीवरून मागे मोजत गेलं तर त्यांचा जन्म जानेवारीतला, म्हणजे पिशव्या भरत होत्या त्याच आठवड्यांतला. शेपटा अजून पूर्वीइतका जाड नव्हता. त्याला वर्ष-दीड वर्ष लागणार, कारण नव्या केसांना शेपट्यापर्यंत पोचायलाच तेवढा वेळ हवा.

बाई मात्र खूश नव्हत्या. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाच्या फोटोत कपाळाभोवती केसांचा पिसारा उभा राहिलेला दिसत होता. “हे बसतच नाहीत हो,” त्या म्हणाल्या. “यांच्यावर काही लावायला द्या ना.”

“खोबरेल,” मी म्हणाले. “दोन थेंब, तळहातावर चोळून.”

सासूबाई हसल्या. “इतकी फी घिऊन खोबरेलच?” आणि पाय पुढे केला.